ढग आणि झुडूप

आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात १९९६ च्या दिवाळीत व्हिडिओ गेम आला, तेव्हा आमचा टीव्ही कृष्णधवल होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते सगळे त्या बिनरंगी पडद्यामुळेच मला कळले. आण्णांना उद्यमनगरातल्या कारखान्यात बोनस मिळाला होता, धाकट्या भावाने सहामाही परीक्षेच्या आधीपासून हट्ट धरला होता, आणि लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी आण्णा महाद्वार रोडवरून एक लांबट खोके सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधून घेऊन आले. खोक्यात पांढऱ्या-तांबड्या प्लॅस्टिकचे मशिन, दोन रिमोट, एक बंदूक आणि एक पिवळी कॅसेट होती. कॅसेटवर हजारो खेळांचा आकडा छापलेला होता. प्रत्यक्षात वीसेकच खेळ आहेत आणि तेच वेगवेगळ्या नावांनी यादीत पुन्हा पुन्हा येतात, हे कळायला आम्हांला दोन दिवस लागले, पण त्याचे वाईट मात्र वाटले नाही. वीस खेळ ही आमच्यासाठी फार मोठी संपत्ती होती.

ते मशिन म्हणजे निन्टेंडो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम नावाच्या यंत्राची नक्कल होती, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. मूळ फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीला आले. म्हणजे आमच्या घरी त्याची नक्कल पोचेपर्यंत मूळ यंत्राला तेरा वर्षे होऊन गेली होती, निन्टेंडोनेच १९९० मध्ये त्याची पुढची पिढी बाजारात आणली होती आणि १९९४ च्या डिसेंबरात सोनीचे प्लेस्टेशनही जपानमध्ये आले होते. जगाने मागे टाकलेली ती पिढी आमच्या गल्लीत मात्र त्या दिवाळीत नवी कोरी होती. अँटेनाची वायर काढून मशिनची वायर जोडायची, टीव्हीच्या चॅनेलचा खुंटा अगदी हलक्या हाताने फिरवायचा आणि पडद्यावरच्या मुंग्यांमधून एकदम स्वच्छ चित्र वर येताना पाहायचे, एवढ्यानेसुद्धा आमची छाती धडधडत असे.

पहिल्या रात्री आम्ही मारिओ लावला. मी आणि भाऊ आळीपाळीने मरत होतो, आई स्वयंपाकघरातून करंज्या तळता तळता डोकावून जात होती आणि आण्णा मागे पलंगावर बसून काही न बोलता पाहत होते. आण्णा चित्रपटसुद्धा धड पाहत नसत. त्यांचे लक्ष नेहमी पडद्यावरच्या एखाद्या वस्तूकडे, तिच्या घडणीकडे जाई. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "जरा थांबीव बघू त्याला." मी स्टार्टचे बटण दाबले. मारिओ जागच्या जागी थांबला. आण्णा उठून टीव्हीजवळ आले आणि त्यांनी आधी वरच्या ढगावर आणि मग जमिनीवरच्या झुडपावर बोट ठेवले. "ही दोन्हीबी एकाच पॅटर्नची हाईत. ढगाचा वरचा निम्मा भाग उचलून खाली ठेवलाय, बघ की गं."

मी पाहिले. खरोखरच तसे होते. वरच्या ढगाची गोलाई, तिच्या मधला उंचवटा, कडेचे बाक, सगळे जसेच्या तसे जमिनीवर उतरलेले होते. रंगीत टीव्हीवर ढग पांढरा आणि झुडूप हिरवे दिसते, त्यामुळे डोळा पहिल्या क्षणीच दोन वेगळ्या वस्तू मानून मोकळा होतो. आमच्या पडद्यावर फक्त फिकट राखाडी आणि गडद राखाडी होते, म्हणून आकार उघडा पडला होता. तरीही तो मला आणि भावाला दिसला नाही. आण्णांना दिसला, कारण आण्णा पॅटर्नमेकर होते.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी हे काम थोडे सांगायला हवे. ऑइल इंजिनांपासून मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत बिडाचे ओतकाम करणाऱ्या फाउंड्र्या हा आमच्या शहराचा एक मोठा आधार आहे. वितळलेले बीड वाळूच्या साच्यात ओततात, आणि वाळूत तो साचा उमटवण्यासाठी आधी त्या भागाची लाकडी प्रतिकृती करावी लागते. तिला पॅटर्न म्हणतात. आण्णा सागवानाचे पॅटर्न करीत. बीड गार होताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. वाळूतून तो अलगद सुटावा म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना किंचित ढाळ द्यायचा. आणि गोल किंवा फुगीर भाग असेल तर पॅटर्न मधोमध दोन भागांत करायचा, वरचा भाग वरच्या पेटीत, खालचा भाग खालच्या पेटीत, दोन्ही एकमेकांवर लाकडी पिनांनी नेमके बसणारे. लाकूड महाग आणि पॅटर्नला लागणारे दिवस त्याहून महाग. त्यामुळे एका पॅटर्नमधून दोन कामे निघत असतील तर ती काढायची, ही त्या धंद्यातली पहिली अक्कल मानली जाते. आण्णांनी त्या रात्री टीव्हीवर दुसऱ्या कोणा पॅटर्नमेकरचे काम ओळखले होते.

आज मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत संगणकावर कास्टिंगची डिझाइने करते. नोकरीला लागल्यानंतर एकदा त्या जुन्या यंत्राच्या रचनेविषयी वाचायला घेतले, आणि त्यात एक शब्द समोर आला तेव्हा मी बराच वेळ त्याच ओळीवर थांबले. त्या यंत्रात पडद्यावरची सगळी चित्रे आठ बाय आठ ठिपक्यांच्या लहान चौकोनांतून जुळवली जातात. असे २५६ चौकोन एका तक्त्यात, आणि असे दोन तक्ते. या तक्त्याला यंत्र बनवणाऱ्यांच्या भाषेत पॅटर्न टेबल म्हणतात. आण्णांनी तो शब्द कधी ऐकलेला नव्हता. त्यांनी आपल्या धंद्यातला शब्द वापरला होता आणि तो नेमका बसला होता.

या तक्त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी की, त्या चौकोनांना स्वतःचा रंग नसतो. प्रत्येक ठिपक्यासाठी फक्त शून्य ते तीन यांतला एक आकडा लिहिलेला असतो. शून्य म्हणजे अमुक रंग, एक म्हणजे तमुक, हे पडद्यावर चित्र मांडताना वेगळे सांगितले जाते. आकार एकदाच कोरायचा आणि रंग मागाहून द्यायचा, अशी ही व्यवस्था आहे. म्हणून तोच आकार एका रंगसंगतीत ढग होतो आणि दुसरीत झुडूप. हिरव्या पाठीचे कासव आणि तांबड्या पाठीचे कासव एकाच आकाराचे असते. जमिनीखालच्या टप्प्यात गेल्यावर विटा निळसर दिसतात, तिथेही विटेचा आकार वरचाच असतो.

१३ सप्टेंबर १९८५ रोजी प्रसिद्ध झालेला सुपर मारिओ ब्रदर्स हा सबंध खेळ ४० किलोबाइटांत मावतो. त्यातले ३२ प्रोग्रॅमसाठी आणि ८ चित्रांसाठी. आज फोनवर येणारा सणाच्या शुभेच्छांचा एक साधा फोटोही बहुतेक वेळा याहून मोठा असतो. आणि एवढ्यात आठ जगे, प्रत्येक जगात चार टप्पे, आकाश, पाणी, किल्ले, शत्रू आणि संगीत आहे. शिगेरु मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी हे टप्पे चौकटीच्या कागदावर हाताने आखले होते. शाळेत गणिताला आपण चौकटीची वही वापरतो, तसल्याच कागदावर. मला हे वाचून फार आनंद झाला होता, कारण आण्णांच्या कामाच्या खोलीत भिंतीला टाचलेली आखणीसुद्धा तशीच असे.

त्या पहिल्या टप्प्यात कुत्र्याच्या छत्रीसारखा दिसणारा एक तपकिरी शत्रू डुलत डुलत येतो. त्याच्या चालण्याकडे नीट पाहा. त्याचे एकच चित्र काढलेले आहे. ते क्षणभर सरळ दाखवतात आणि क्षणभर आरशातल्यासारखे उलटवून दाखवतात, त्यामुळे पाय आळीपाळीने पडल्यासारखे वाटतात. दुसरे चित्र काढले असते तर जागा गेली असती. ही युक्ती मी आण्णांना सांगितली तेव्हा त्यांनी लगेच मान हलवली. डावा आणि उजवा ब्रॅकेट वेगवेगळा मागणाऱ्या गिऱ्हाइकाला, मध्यरेषेवर रचना सारखी ठेवलीत तर एकाच पॅटर्नवर दोन्ही निघतील, हे त्यांनी आयुष्यभर समजावून सांगितले होते. मारिओच्या मिशांची आणि टोपीची गोष्टही त्यांना अशीच पटली. १९८१ च्या डाँकी काँगमध्ये मियामोतोंनी हे पात्र प्रथम काढले, तेव्हा इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड दाखवता येईना म्हणून मिशा दिल्या आणि केस दाखवता येईनात म्हणून टोपी घातली. "वाळूतनं जो आकार सुटत न्हाई, तो काढायचाच न्हाई," आण्णा म्हणाले. जगात इतक्या लोकांना ओळखीचा असलेला तो चेहरा एका अडचणीतून तयार झाला आहे, आणि मला तो म्हणूनच सुंदर वाटतो.

संगीताविषयीही एक लहानशी गोष्ट सांगते. त्या यंत्राला एका वेळी पाचच आवाज काढता येत, आणि त्यांतच कोजी कोंदो यांचे संगीत आणि खेळातले इतर सगळे आवाज बसवावे लागत. मारिओ उडी मारतो तेव्हा त्या उडीच्या आवाजासाठी साथीचा एक सूर क्षणभर बाजूला होतो आणि उडी संपताच परत येतो. भजनात पेटी वाजवणारा माणूस गाणाऱ्याला जागा देण्यासाठी हात आखडता घेतो, तसे मला ते वाटते. हे माहीत झाल्यापासून मी तो खेळ लावला की आधी कान देऊन ऐकते.

मारिओखालोखाल आमच्या घरात चालला तो टँकचा गेम. नामको कंपनीच्या १९८५ च्या या खेळाचे खरे नाव बॅटल सिटी, पण ते नाव कोल्हापुरात मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. खाली मध्यभागी आपला गरुड, त्याच्याभोवती विटांचा कोट, आणि वरून येणारे शत्रूचे वीस टँक. १३ आडव्या आणि १३ उभ्या घरांच्या चौकटीत वीट, पोलाद, पाणी, झाडी आणि बर्फ एवढ्याच पाच वस्तू फिरवून त्यांनी ३५ टप्पे उभे केले आहेत. त्याहून मोठेपण असे की, त्यांनी ती चौकट खेळणाऱ्याच्या हातात दिली होती. सुरुवातीच्या यादीत तिसऱ्या ओळीवर गेले की आपला टप्पा आपण बांधता येत असे.

आण्णांनी आयुष्यात रिमोट हातात धरला तो एवढ्यासाठीच. एका रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर ते खाली सतरंजीवर येऊन बसले आणि मला म्हणाले, "ते बांधायचं काढ." त्यांचा अंगठा मोठा होता, नखाच्या कडेला सागवानाची भुकटी कायमची बसलेली होती आणि बाणाच्या बटणावर तो एकाच वेळी दोन दिशांना दाबला जात होता. तरी ते घाई न करता एकेक घर पुढे सरकत गेले. आधी त्यांनी गरुडाभोवतीच्या सगळ्या विटा काढून तिथे पोलाद लावले. शत्रूच्या गोळीने पोलाद फुटत नाही, हे त्यांनी पाहून ठेवले होते. मग ते थोडे मागे सरले, डोके कलते करून पाहिले आणि डाव्या बाजूचा पोलादाचा एक तुकडा पुन्हा काढून टाकला. भावाने विचारले, "का काढलं आण्णा? आता गोळी आत जाईल की." आण्णा म्हणाले, "सगळं बंद केलं तर काय खेळणार? साच्यालासुदीक वाफ जायला वाट ठेवाय लागती, न्हाईतर ओतकाम सच्छिद्र निघतं." त्यांनी बांधलेला तो टप्पा आम्ही संध्याकाळपर्यंत खेळत राहिलो. रात्री मशिन बंद केले आणि तो टप्पा गेला, कारण त्या खेळात बांधलेले जपून ठेवण्याची सोय नव्हती. मी तो वहीत उतरवून घेतला नाही, याची मला आजही खंत आहे.

कॉन्ट्रा माझा आणि भावाचा. कोनामीने तो १९८७ मध्ये आधी मोठ्या, नाणे टाकून खेळायच्या यंत्रांसाठी आणि १९८८ मध्ये घरच्या यंत्रासाठी काढला. त्यात दोघांना एकाच वेळी खेळता येई, ही आम्हांला मारिओपेक्षा मोठी गोष्ट वाटत असे. तिसऱ्या टप्प्यात धबधब्यावरून वर चढत जायचे असते, आणि पडदा फक्त वर सरकतो. जो पुढे चढतो तो पडदा वर ओढतो, आणि जो मागे राहतो तो पडद्याच्या खालच्या कडेखाली जाऊन मरतो. मी मोठी असल्याने माझा हात चालाख होता. "ताई, थांब की गं," असे भाऊ ओरडेपर्यंत त्याचा जीव गेलेला असे. पहिले आठ-दहा दिवस मी थांबले नाही. मग एकदा तो रिमोट खाली ठेवून उठून गेला आणि मी एकटीच वरपर्यंत चढले, तेव्हा त्या धबधब्यात काही मजा उरली नव्हती. त्यानंतर मी एका कड्यावर उभी राहून त्याची वाट पाहू लागले. तो टप्पा ज्याने रचला त्याला बहुधा असेच काही तरी हवे असावे, असे मला वाटते. नाहीतर पडदा दोघांसाठी थांबवणे त्याला अवघड नव्हते. वर वर खाली खाली डावे उजवे डावे उजवे अशी कळ दाबून तीस जीव मिळवण्याची विद्या भावाने तालमीतल्या मित्राकडून आणली. मूळची ती काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या ग्रॅडिअस या खेळासाठी केली होती, कारण खेळ तपासताना तो त्यांना स्वतःलाच फार कठीण जात होता. आम्ही ती वापरली, पण ती वापरून जिंकलेला डाव आम्ही दोघेही मोजत नव्हतो.

कॉन्ट्रात शत्रू आणि गोळ्या खूप झाल्या की चित्रे लुकलुकू लागत. आम्हांला वाटे, टीव्ही बिघडला. खरे कारण असे की, त्या यंत्राला एका आडव्या ओळीत हलती चित्रे आठच दाखवता येत. नववे आले तर त्याला जागा नसे. म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी पाळी लावून दिली: या क्षणी हे आठ, पुढच्या क्षणी दुसरे. पंगतीत आठच पाने असली आणि माणसे बारा असली की घरची माणसे जसे आळीपाळीने उठून पाहुण्यांना बसवतात, तशी ती व्यवस्था होती.

बंदुकीचा बदकांचा खेळ भावाच्या मित्रांना फार आवडे, मला तो तितका नाही. त्याची खुबी मात्र अजब होती. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदूक फक्त समोर उजेड दिसतो का एवढेच पाहते. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर हे लगेच होते, आताच्या सपाट पडद्यांना उशीर लागतो, त्यामुळे ती बंदूक आता चालत नाही. दुसऱ्याच्या हातातल्या रिमोटने त्या खेळातले बदक वळवता येते, हे मला तेव्हा माहीत असते तर आवड वेगळी झाली असती. फुटबॉलचा खेळ मात्र अगदी रटाळ होता. पेठापेठांत संघ असलेल्या आणि शाहू स्टेडियमवर सामन्याला गर्दी करणाऱ्या गावातल्या पोरांना, प्रत्येकी सहा खेळाडूंचे ते संथ संघ पटण्यासारखे नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात इचलकरंजीला मामांकडे गेलो. त्यांच्याकडे रंगीत टीव्ही होता आणि आम्ही मशिन पिशवीत घालून बरोबर नेले होते. मारिओ सुरू झाला आणि निळे आकाश, पांढरे ढग आणि पोपटी झुडपे एकदम समोर आली. भाऊ हरखून ओरडला. मीही हरखले, पण माझी नजर ढगावरून झुडपावर आणि झुडपावरून ढगावर जात राहिली. रंगांच्या खाली तो एकच आकार मला आता स्पष्ट दिसत होता, आणि मामांच्या घरातल्या कोणालाही तो दिसत नव्हता. मी तो त्यांना दाखवला. मामा म्हणाले, "अरेच्चा!" घरी आल्यावर मी हे आण्णांना सांगितले आणि विचारले, झुडूप खरे की ढग खरा? आण्णांनी उत्तर दिले नाही.

पंधरा दिवसांनी त्यांनी कारखान्यातून उरल्या लाकडाचा एक तुकडा आणला. दोन-तीन संध्याकाळी जिन्याखाली बसून ते पटाशी आणि कानस घेऊन काम करीत होते. शेवटी पॉलिश पेपर फिरवून, भुकटी फुंकून त्यांनी तो माझ्या हातात दिला. तळहाताएवढा सागवानी ढग होता, मधोमध दोन भागांत केलेला, आत दोन बारीक पिना. दोन्ही भाग एकमेकांवर दाबले की टक् असा बारीक आवाज होऊन ते बसत आणि मधली रेघ बोटाला लागत नसे. वरचा भाग सोडवून टेबलावर ठेवला की झुडूप. "रंग तू दे," आण्णा म्हणाले. "पांढरा दिलास तर ढग. हिरवा दिलास तर झुडूप."

मशिन आणि पिवळी कॅसेट २०१९ च्या महापुरात गेली. खालच्या खोलीत पंचगंगेचे पाणी शिरले तेव्हा आम्ही कागदपत्रे आणि धान्य वर चढवले, ते खोके पलंगाखाली राहून गेले. लाकडी ढग वरच्या मजल्यावर माझ्या टेबलावर होता, तो वाचला. त्याचा सागवान आता गडद झाला आहे. आण्णा निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, हात थोडा थरथरतो, पण वस्तू हातात घेतली की आधी तिची कड अंगठ्याने तपासायची सवय गेलेली नाही. दर दिवाळीला घर रंगवायला काढले की ते तो ढग उचलतात, उघडतात, मिटवतात, टक् असा आवाज ऐकतात आणि मला विचारतात, "रंग दिलास का गं त्याला?"

मी सांगते, "अजून न्हाई, आण्णा."